दहा लाख नऊ

हेडसाहेब निवृत्त होऊन सहा महिने झाले, तोवर घरात लेबल न चिकटवलेली वस्तू उरली नव्हती. साखरेच्या डब्यावर 'साखर' आणि मिठाच्या डब्यावर 'मीठ', इथपर्यंत बायकोने सोसलं. मग एके दिवशी लेबलांच्याच डब्यावर 'लेबले (शिल्लक)' असं लेबल दिसलं, तेव्हा तिने लेकीला फोन लावला. "तू चार दिवस येऊन जा बाई," ती म्हणाली, "नाहीतर आता हे मला क्रमांक देतील."

लेक दूरच्या एका विद्यापीठात गणित शिकवायची. ती आली, चार दिवस राहिली, आईशी पोटभर बोलली. निघताना बूट घालता घालता तिने टेबलावरचं पाण्याचं बिल सहज उचललं आणि म्हणाली, "बाबा, तुमचा ग्राहक क्रमांक मजेशीर आहे हं. दहा लाख नऊ. मूळ संख्या असावी असं वाटतंय. बघा ना कधी तपासून. पण हाताने, कॅल्क्युलेटर नाही वापरायचा." एवढं बोलून ती रिक्षात बसली.

असं बोलणं लोक जाता जाता बोलतात आणि पुढच्या वळणावर विसरतात. पण ज्या माणसाने चौतीस वर्षं सरकारी कार्यालयात वरून आलेल्या कागदावर 'पाहिले, कार्यवाही सुरू' असा शेरा मारला आहे, त्याच्यासमोर जाता जाता बोलू नये. हेडसाहेबांनी त्याच दुपारी कोरी वही आणली. आणि त्यामागे नुसती सवय नव्हती, हेही सांगून टाकतो. लेक दहावीत जाईपर्यंत रोज संध्याकाळी गणितं घेऊन त्यांच्यापाशी बसायची. पुढे गणितं मोठी झाली, हेडसाहेब होते तेवढेच राहिले. आता दर रविवारी फोन यायचा. "जेवलात?" "जेवलो." "औषध?" "घेतलं. आईला देतो." संपलं. तिने आपल्याला पुन्हा एकदा काहीतरी विचारावं, एवढीच त्यांची इच्छा होती. ती त्यांनी कुणाला सांगितली नव्हती, कारण तसल्या इच्छेसाठी अर्जाचा नमुना कुठल्याच कार्यालयात मिळत नाही.

ज्यांनी गणित शाळेच्या बाकावरच सोडलं, त्यांच्यासाठी दोन शब्द. मूळ संख्या म्हणजे जिला एक आणि ती स्वतः सोडून दुसऱ्या कुणानेही पूर्ण भाग जात नाही ती. सात, अकरा, तेरा वगैरे. तुम्ही काहीही करा, बाकी उरतेच. शंभराच्या आत अशा पंचवीस सापडतात. पुढे पुढे त्या विरळ होत जातात, दहा लाखांच्या आसपास तर चौदा-पंधरा संख्या चाळाव्यात तेव्हा कुठे एखादी हाती लागते. आणि एवढ्या विरळ होऊनही त्या कधीच संपत नाहीत. हे कुणीतरी फार पूर्वी सिद्ध करून ठेवलं आहे, हेडसाहेबांना त्यात लक्ष घालावं लागलं नाही.

पहिला आठवडा रकाने आखण्यात गेला. अनुक्रमांक, भाजक, भागाकार, बाकी, शेरा. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी दोनपासून सुरुवात केली आणि तीन, चार, पाच, सहा असे क्रमाने चाळीसपर्यंत पोचले. रविवारी फोन आला, तेव्हा जेवणाचं विचारायच्या आतच त्यांनी प्रगतीचा अहवाल दिला. 

"बाबा, चारने कशाला भागलंत? दोनने जात नाही तर चारने कसा जाईल?"

"प्रत्येकाला संधी द्यायला नको?" हेडसाहेब म्हणाले. पण आवाज जरा पडलाच.

मग तिने समजावलं, फक्त मूळ संख्यांनीच भागून बघायचं आणि तेही हजारापर्यंतच. पुढे जायची गरज नाही. तो फोन अकरा मिनिटं चालला. हेडसाहेबांनी रिसीव्हर ठेवला आणि लगेच स्वयंपाकघरात जाऊन ते सगळं आपलंच असल्यासारखं बायकोला ऐकवलं. "हे बघ, भाजक नेहमी जोडीने येतात. दोघांचा गुणाकार दहा लाख नऊ. आता दोघंही हजाराच्या वरचे असून कसं चालेल? गुणाकार फार मोठा होईल. म्हणजे जोडीतला एक तरी हजाराच्या आतला हवाच. तो सापडला नाही, की जोडपंच नाही."

"कुठलं जोडपं?" बायकोने भाजी चिरता चिरता विचारलं.

हजाराच्या आतल्या मूळ संख्या किती, हे काढायला आणखी तीन आठवडे गेले. एकशे एकोणसत्तर निघाल्या. यादी सुवाच्य अक्षरात लिहून त्यांनी दारामागे लावली आणि तिथेच घात झाला. तिसऱ्या नंबरच्या फ्लॅटमधला विमा एजंट काहीतरी फॉर्म द्यायला आला, यादीवरून नजर फिरवली आणि फटकन म्हणाला, "एक्क्याण्णव कसं घेतलंत हेडसाहेब? तेरा सत्ते एक्क्याण्णव!" हा गृहस्थ आयुष्यात कुठलाही कागद पूर्ण वाचत नसे आणि दुसऱ्यांनाही वाचू देत नसे. त्याने नेमकं एक्क्याण्णव वाचावं! हेडसाहेबांनी लाल शाईने एक्क्याण्णव खोडलं. एकशे अडुसष्ट उरल्या. संध्याकाळपर्यंत सगळ्या बिल्डिंगला कळलं होतं की हेडसाहेबांना तेराचा पाढा येत नाही.

पण त्याबरोबर लोकांना हेही कळलं की हेडसाहेब काहीतरी करताहेत, आणि मग सल्ल्यांना ऊत आला. एकाने सांगितलं, उलटीकडून सुरुवात करा, मोठे भाजक आधी उरका, माणूस दमतो तो शेवटी. दुसऱ्याने सांगितलं, सतराने नीट बघा, सतरा फार लबाड असतो. विमा एजंटाने सरळ विचारलं, "याचा फायदा काय?" हेडसाहेबांनी तुच्छतेने "काही नाही" म्हटलं. ते त्यांनी म्हणायला नको होतं, कारण फायदा नसताना माणूस एवढा राबतो यावर आमच्या लोकांचा विश्वास बसत नाही. चार दिवसांत जिन्यात बोलणं सुरू झालं की मूळ क्रमांकाच्या मीटरला पाणी जास्त दाबाने येतं.

आता पाणीखात्याने नव्या क्रमांकांची मालिका नेमकी याच बिल्डिंगपासून सुरू केली होती. बारा फ्लॅट, दहा लाख एक ते दहा लाख बारा. लोक आपापली बिलं घेऊन हेडसाहेबांच्या दाराशी उभे राहिले. सम क्रमांकाची सहा घरं पहिल्याच फटक्यात बाद झाली. दहाव्या फ्लॅटमधल्या बाईंना हेडसाहेब खरं बोलायच्या सवयीने म्हणाले, "तुमचा काय, कुणालाही जातो. दोनला जातो, पाचला जातो, दहाला जातो." त्या दिवसापासून बाईंनी त्यांच्याशी बोलणं टाकलं, आणि आपल्या नळाला धार बारीक का येते याचं कारणही त्यांना सापडलं. अकराव्याला तीनने भाग गेला, तेव्हा त्या घरातले आजोबा "तीनने? नुसत्या तीनने?" असं दोनदा म्हणून खाली मान घालून निघून गेले.

अशा वेळी सोसायटीचा सेक्रेटरी मैदानात उतरला नसता तरच नवल. हा दातांचा डॉक्टर. समोरच्या माणसाचं तोंड उघडं ठेवून आपण बोलायचं ही त्याची धंद्याची रीत, ती त्याने सभेतही चालवली होती. गेल्या सात वर्षांत या सोसायटीत एकाही विषयावर एकमत झालं नव्हतं. गेटचा रंग अजून ठरायचा होता आणि गेट गंजून पडायच्या बेतात आलं होतं. इथे एक विषय असा निघाला होता की ज्यात खर्च नाही, कंत्राटदार नाही आणि मान मात्र आहे. "हेडसाहेब," तो सभेत म्हणाला, "तुमचा क्रमांक म्हणजे आपल्या सर्वांचा क्रमांक. आपण गेटवर पाटी लावू. पण एकट्याने किती दिवस भागणार तुम्ही? काम वाटून घेऊ. एकशे अडुसष्ट भाजक, बारा घरं."

हेडसाहेबांनी मनातल्या मनात भागलं. प्रत्येकी चौदा. बाकी शून्य. दोन महिन्यांत पहिल्यांदाच बाकी शून्य आल्याचं बघून त्यांना इतका आनंद झाला की ते "अनुमोदन!" असं बोलून बसले. वास्तविक त्यांना हे काम एकट्याने करायचं होतं. पण लेक पुढच्या महिन्यात सुट्टीला यायची होती आणि ते स्वतः अजून त्रेपन्नशी झगडत होते.

वाटपावरून भांडण झालं, ते व्हायचंच होतं. क्रमाने वाटायचं ठरलं, तर पहिल्या फ्लॅटला दोन, तीन, पाच, सात असे मऊ मऊ भाजक आले आणि बाराव्याला नऊशे सातपासून नऊशे सत्त्याण्णवपर्यंत. बारावा फ्लॅट म्हणाला, हा अन्याय आहे. पहिला फ्लॅट म्हणाला, डोक्यावरची गच्ची तुम्ही फुकट वापरता तेव्हा गप्प बसा. शेवटी सेक्रेटरीने "मोठा भाजक हा मोठा मान" असं काहीतरी सांगून वेळ मारून नेली.

आठवड्याने कागद परत येऊ लागले. दुसऱ्या फ्लॅटमधल्या गाण्याच्या मास्तरांनी त्रेपन्नने भागून बाकी एकसष्ट काढली होती. भाजकापेक्षा बाकी मोठी कशी, असं विचारल्यावर ते म्हणाले, "आम्ही उदार आहोत." एकाने बाकीच्या रकान्यात 'थोडी' असं लिहिलं होतं. विमा एजंटाने चौदाही भाजकांपुढे 'भाग जाण्याची शक्यता कमी' असं लिहून खाली सही केली होती. हेडसाहेबांनी प्रत्येकाला लेखी मुद्दा काढून कागद परत पाठवले. 'फेरतपासणी करून सात दिवसांत सादर करावे.' मुद्दे वाचून काही जण चिडले, काहींनी खरंच भागलं, आणि विमा एजंटाचे चौदा भाजक हेडसाहेबांनी मुकाट्याने स्वतःच उरकले.

एकच कागद पहिल्या दिवशी, वेळेत, घडी न पडलेला आला. तो पाचव्या फ्लॅटचा. तिथे हेडसाहेबांच्याच कार्यालयातला त्यांचा जुना ज्युनिअर राहायचा. आता त्याचंही वय पन्नाशीला टेकलं होतं, पण हेडसाहेबांसमोर तो अजून खुर्चीच्या कडेवर बसायचा. त्याचं अक्षर पाहून हेडसाहेबांचे डोळे निवले. "याला म्हणतात कागद," ते बायकोला म्हणाले आणि न तपासता त्यावर 'पाहिले' लिहून मोकळे झाले.

या सगळ्या काळात रविवारचे फोन लांबत चालले होते. अकराची वीस मिनिटं झाली, विसाची चाळीस. हेडसाहेब आठवडाभर सांगण्यासारखं वहीच्या मागच्या पानावर टिपून ठेवायचे. लेक हसायची, विचारायची. "मग मास्तर काय म्हणाले?" एकदा तर आईशी बोलायचं राहूनच गेलं. बायको नुसती दारात उभी राहून बघत होती, आणि तिने काही तक्रार केली नाही.

सगळे कागद जमले. कुणालाच भाग गेला नव्हता. सभेने एकमताने ठराव केला, 'क्रमांक दहा लाख नऊ हा मूळ असल्याचे ही सभा मान्य करते.' सोसायटीच्या इतिहासातला हा पहिला एकमताचा ठराव, त्यामुळे टाळ्या बराच वेळ थांबेनात. पण सेक्रेटरी सावध माणूस. पाटी लावायची तर खात्याचा दाखला हवा, तो म्हणाला, उद्या कुणी हरकत घेतली तर?

म्हणून हेडसाहेब पाणीखात्याच्या कार्यालयात गेले. चौतीस वर्षं खिडकीच्या आत काढलेला माणूस खिडकीबाहेर उभा राहिला की त्याला जग उलटं दिसतं. आतल्या क्लार्कने न बघता विचारलं, "तक्रार काय?"

"तक्रार नाही. आमच्या क्रमांकाला भाग जात नाही."

"कधीपासून जात नाही?"

"पहिल्यापासून."

"मग इतके दिवस आला का नाहीत?" क्लार्कने छापील फॉर्म पुढे सरकवला. मीटर बंद, मीटर फुटला, गळती, बिल चुकीचे, इतर. हेडसाहेबांनी 'इतर'वर खूण केली आणि खाली दीड पान मजकूर लिहिला. क्लार्कने त्यातली पहिली ओळ वाचली. "हे आमच्याकडे येत नाही. पण इन्स्पेक्टर येऊन बघून जाईल."

इन्स्पेक्टर तीन फेऱ्यांनंतर आला. त्याने मीटरवर दोनदा बोटाने टकटक केली, सील बघितलं, हेडसाहेबांची वही बघितली, पुन्हा मीटर बघितला आणि दाखला लिहून दिला. 'सदर मीटर समक्ष पाहिला. चालू स्थितीत आहे. भाग गेल्याच्या खुणा आढळल्या नाहीत.' खाली गोल शिक्का. सेक्रेटरीने तो दाखला चौकटीत बसवून जिन्यात लावला. पाटी घडवायला टाकली. 'या इमारतीत मूळ क्रमांक आहे.' आणि पाटीचं अनावरण लेकीच्या हस्ते करायचं ठरलं, गणिताच्या प्राध्यापिका म्हणून.

अनावरणाला दोन दिवस उरले असताना, दुपारी, हेडसाहेब वहीची स्वच्छ प्रत काढायला बसले. लेकीच्या हातात द्यायची ती प्रत. एकेक कागद उतरवत ते पाचव्या फ्लॅटच्या कागदावर आले. दोनशे एकोणसत्तर, बाकी एकशे छत्तीस. दोनशे एकाहत्तर, बाकी एकोणीस. असं करत दोनशे त्र्याऐंशी, बाकी एकशे सत्तर. आणि त्याखाली, सुंदर अक्षरात, 'वरीलप्रमाणे'. त्याखाली 'वरीलप्रमाणे'. तीनशे एकोणपन्नासपर्यंत सलग नऊ वेळा.

कार्यालयात या शब्दापुढे बोट दाखवायची कुणाची छाती नसते. 'वरीलप्रमाणे' म्हणजे वर कुणीतरी बघितलंय. वर बघणाऱ्याने त्याच्या वरच्यावर विसंबून लिहिलेलं असतं, आणि असं करत सगळं व्यवस्थित चाललेलं असतं. हेडसाहेबांचा हातही सवयीने तसंच उतरवू लागला. दोन ओळी उतरवून झाल्यावर थांबला. नऊ वेगवेगळे भाजक, आणि बाकी प्रत्येक वेळी एकशे सत्तरच?

त्यांनी कोपऱ्यात दोनशे त्र्याण्णवने भागायला घेतलं. हजारात तीन वेळा, उरले एकशे एकवीस. शून्य उतरवला, चार वेळा, उरले अडतीस. शून्य उतरवला, एक वेळा, उरले सत्त्याऐंशी. नऊ उतरवला. आठशे एकोणऐंशी. दोनशे त्र्याण्णव त्रिक आठशे एकोणऐंशी. खाली काहीच उरलं नाही. त्यांनी तीनदा केलं, तिन्ही वेळा काहीच उरलं नाही. दहा लाख नऊ म्हणजे दोनशे त्र्याण्णव गुणिले तीन हजार चारशे तेरा.

पायात चप्पल न घालता ते पाचव्या फ्लॅटवर गेले. ज्युनिअर कागद बघून उठून उभा राहिला. "साहेब, पहिले पाच खरे केले. पण पुढे तसंच येत असणार म्हटलं." मग जरा घुटमळून तो म्हणाला, "मी नोकरीला लागलो तेव्हा पहिल्याच दिवशी तुम्ही सांगितलं होतंत साहेब. एकदा रीत बसली की पुढे वरीलप्रमाणे लिहावं, वेळ वाचतो." हेडसाहेबांनी ते खरंच सांगितलं होतं, आणि सांगताना त्यांना स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

तिथून ते दवाखान्यात गेले. सेक्रेटरीने एका पेशंटचं तोंड उघडं ठेवून सगळं ऐकून घेतलं. "भाग जातो म्हणजे? ठराव एकमताने झालाय. तुमचंच अनुमोदन आहे."

"पण तो जातो, डॉक्टर."

"मग ठराव रद्द करायला सभा लागेल. एकवीस दिवसांची नोटीस. पाटी परवा आहे." त्याने पेशंटच्या तोंडात काहीतरी टोचलं. "आणि खरं सांगा, दोनशे त्र्याण्णवने भागायला कोण बसणार आहे इथे?" पेशंटनेही मान हलवली. हा पेशंट म्हणजे विमा एजंट.

"लेकीला फोन करून सांगून टाका," बायको म्हणाली. हेडसाहेबांनी फोनवर हात ठेवला आणि काढून घेतला. बिल्डिंग हसली असती तर त्यांनी सोसलं असतं. पण जी आपल्याशी चाळीस-चाळीस मिनिटं बोलते, तिला काय सांगायचं? की तुझ्या बापाने 'वरीलप्रमाणे' पाहिलं आणि 'पाहिले' लिहिलं? मग पुढच्या रविवारी पुन्हा जेवलात, जेवलो, औषध, घेतलं. दोन दिवस ते जेवले नाहीत नीट. लेक आली तेव्हा तिच्याशी डोळा चुकवून ते गच्चीवर पाण्याची टाकी बघत बसले. तिथे बघण्यासारखं काहीही नव्हतं.

अनावरण दुपारी चारला, गेटपाशी. खुर्च्या मांडल्या होत्या, माइक होता, चहा होता. सेक्रेटरीचं भाषण झालं, त्यात एकी हा शब्द अकरा वेळा आला. लेकीने कापड ओढलं, टाळ्या झाल्या, पाटी चकाकली. मग हेडसाहेबांना दोन शब्द बोलायला बोलावलं. दोन पानी भाषण खिशात होतं, ते त्यांनी काढलंच नाही.

"एक दुरुस्ती आहे," ते म्हणाले. "या संख्येला दोनशे त्र्याण्णवने भाग जातो. तीन हजार चारशे तेरा वेळा. बाकी उरत नाही. तपासायची जबाबदारी माझी होती, मी तपासलं नाही."

 मग सेक्रेटरीने अलगद माइक काढून घेतला. "पाहा," तो गहिवरून म्हणाला, "यशाच्या क्षणीही केवढा हा विनय!" आणि पुन्हा टाळ्या झाल्या, आधीपेक्षा जास्त.

"विनय नाही हो, भाग जातो!" हेडसाहेब माइकशिवाय ओरडले.

"मतदान घ्या," विमा एजंट मागून म्हणाला. त्याचा जबडा अजून सुजलेला होता. "क्रमांक मूळ आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा."

सगळे हात वर गेले. दहाव्या फ्लॅटमधल्या बाईंनीही, आपला क्रमांक कुणालाही जात असून, हात वर केला. ज्युनिअरने इकडेतिकडे बघून वरीलप्रमाणे केला. हेडसाहेबांनी वळून पाहिलं तर बायकोचाही हात अर्धा वर होता. "अहो, तुम्ही एवढे महिने राबलात," ती कुजबुजली, "मी विरुद्ध कशी जाऊ?" लेक सभासद नसल्याने तिला मत नव्हतं. विरोधात हेडसाहेबांचं एक मत पडलं आणि दहा लाख नऊ ही संख्या प्रचंड बहुमताने मूळ ठरली. नंतर चहा झाला. पाटी आजही तिथे आहे आणि गेटचा रंग अजून ठरलेला नाही.

हेडसाहेब चहा न घेता वर आले. स्वयंपाकघरातल्या टेबलावर वही पडली होती. लेक मागोमाग आली, समोर बसली आणि वही उघडून पानं चाळू लागली.

"दोनशे त्र्याण्णव तुम्ही स्वतः काढलंत?"

"परवा दुपारी." त्यांनी मान वर केली नाही. "तीनदा केलं."

"मला ठाऊक होतं, बाबा."

"काय ठाऊक होतं?"

"भाग जातो ते. इथून गेले त्याच आठवड्यात कळलं. ही संख्या तशी प्रसिद्ध आहे. भल्याभल्यांनी तिला मूळ मानलं होतं."

हेडसाहेब उठून उभे राहिले. एवढा अपमान त्यांचा विमा एजंटानेही केला नव्हता. "म्हणजे एवढे महिने मी इकडे मरमर भागतोय, अख्ख्या बिल्डिंगला कामाला लावलंय, मीटरला इन्स्पेक्टरची टकटक करून घेतली, आणि तू तिकडे बसून मजा बघत होतीस? एका शब्दाने सांगता आलं नाही तुला?"

"आलं असतं. पहिल्याच रविवारी आलं असतं." ती वहीकडे बघत होती. "मग दुसऱ्या रविवारी तुम्ही काय बोलला असतात? जेवलो. घेतलं. आईला देतो. इतकी वर्षं तुम्ही मला तेवढंच सांगत आलात. मला वाटायचं, माझ्याशी बोलायचा तुम्हाला कंटाळा येतो."

हेडसाहेब पुन्हा खाली बसले. आपण तिला कंटाळवाणे वाटतो असं ते समजत होते आणि ती तिकडे नेमकं तेच समजत होती, हे त्यांच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला.  ते उगीच पाणी प्यायले. खालून खुर्च्या उचलल्याचे आवाज येत होते.

मग त्यांनी वही स्वतःकडे ओढली, कोरं पान काढलं आणि रकाने आखायला घेतले. "दहा लाख तीन करतो आता," ते म्हणाले. "त्या विमावाल्याचा आहे मेल्याचा, पण असू दे. संख्येचा त्यात काय दोष?"

लेक ओठ दाबून हसली आणि काहीतरी सांगायला तिने तोंड उघडलं. हेडसाहेबांनी घाईघाईने हात वर केला.

"नको. तुला ठाऊक असेल तर सांगू नकोस. रविवारी फोन करशील तेव्हाही सांगू नकोस. या वेळी कागद कुणाला वाटणार नाही, सगळे भाजक मी करणार. आणि घाई करणार नाही. रविवारी एक."

"एकशे अडुसष्ट आहेत, बाबा. तीन वर्षं लागतील."

"तीन वर्षं आणि बारा आठवडे," हेडसाहेबांनी दुरुस्ती केली.